गांजाने वेड लागतं, हे कोणी लिहिलं? व्यसनावरच्या निबंधाची पार्श्वभूमी

व्यसनाधीनतेवर कॉलेजचा निबंध लिहायचा तर आकडे हाताशी भरपूर असतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत, आणि मग आपल्या मताला सोयीचा तो उचलला जातो. या पेचातून मार्ग काढण्याचं एक अस्सल उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानात सापडतं.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी गांजाच्या चौकशीची मागणी केली. केन दारूबंदीच्या चळवळीतले. गांजाने माणूस वेडा होतो, ही समजूत तेव्हा पक्की होती आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल दाखवले जात. त्याच वर्षी जुलैत त्यासाठी आयोग ('इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन') नेमला गेला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सभासदांत तीन भारतीय गृहस्थ. आयोगाने ७० प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि प्रांतोप्रांती फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. त्यांत डॉक्टर होते, मुलकी अधिकारी होते, मिशनरी होते, गांजा पिकवणारे आणि विकणारेही होते. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः नगर जिल्ह्यात निघे.

आयोगाचं खरं मोठेपण इस्पितळांच्या तपासात दिसतं. रुग्ण दाखल होताना एक छापील तक्ता भरला जाई आणि त्यात 'वेडाचं कारण' असा रकाना असे. तो भरायचा कोणी? बहुतेकदा रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसांच्या माहितीवरून तो भरला जाई. नातेवाईक सापडत नसत, कारण तर लिहायलाच हवं. मग रुग्ण कधी गांजा ओढत असे एवढं कळलं तरी 'गांजा' लिहून मोकळं व्हायचं. डॉक्टर तीच नोंद उचलत, वर्षअखेरीस तिची बेरीज होई आणि ती बेरीज छापून आली की शास्त्रीय पुरावा ठरे.

आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांगेचं कारण होतं. मूळ गावी चौकशी केल्यावर ९८ जणांच्या बाबतीतच ते मानण्याजोगं ठरलं, आणि त्यांतही काहींना दुसरी कारणं जोडलेली होती. साडेसोळा टक्क्यांचे सात टक्क्यांच्या आसपास झाले. माझ्या मते व्यसनावर लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अहवालाचा हा भाग मुळातून वाचावा.

निष्कर्ष असा निघाला की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदीऐवजी परवाने आणि कर यांनी आळा घालावा. दोन भारतीय सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. आणखी एक गोष्ट निबंधात यायलाच हवी: गांजावरच्या अबकारी करातून सरकारलाच उत्पन्न मिळत होतं. म्हणून अहवाल खोटा ठरत नाही, पण वाचणाऱ्याला हे ठाऊक असावं. त्याच सुमारास बसलेल्या शाही अफू आयोगावर तर त्याचे एक सभासद हेन्री विल्सन यांनीच, साक्षीदार जमवण्यात सरकारी अधिकाऱ्यांचा हात होता, असा आक्षेप घेतला होता.

आजचे आकडेही असेच तपासावे लागतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत देशातले २७.३ टक्के पुरुष दारू पिणारे निघाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८.८ टक्के. पहिल्या पाहणीत वयोगट १० ते ७५ वर्षांचा होता आणि गेल्या बारा महिन्यांतलं सेवन मोजलं होतं. दुसरीतला आकडा १५ वर्षांवरच्या पुरुषांचा. निबंधात दोन्ही आकडे द्यावेत, आणि प्रत्येकाशेजारी कोणाला, काय विचारलं होतं, तेही लिहावं.