परलिंगी वेशधारण

परलिंगी वेशधारण : समाजाने स्त्रियांचा म्हणून ठरवलेला पोशाख पुरुषाने किंवा पुरुषांचा म्हणून ठरवलेला पोशाख स्त्रीने घालणे. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत यासाठी ‘क्रॉसड्रेसिंग’ हा शब्द रुळला आहे. कपड्यांसोबत केशरचना, दागिने, प्रसाधन, चाल, आवाज आणि कधी कधी नावही बदलले जाते. कोणता कपडा कोणाचा, याचे उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत आले आहे. फ्रान्सचा चौदावा लुई उंच टाचांचे जोडे घालून दरबारात मिरवत असे. युरोपात मुलगे चार-सहा वर्षांचे होईपर्यंत झग्यात वाढत आणि ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होती. त्यामुळे नुसत्या कपड्याकडे बोट दाखवून या प्रकाराची व्याख्या करता येत नाही. त्या काळचा दंडक कोणता होता आणि तो कोणी मोडला, हे पाहावे लागते.

असा वेश घालणारी व्यक्ती समलिंगीच असते किंवा तिला लिंगबदल करून घ्यायचा असतो, ही समजूत चुकीची आहे. लैंगिक कल, स्वतःची लिंगओळख आणि वेशाची आवड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पारलिंगी स्त्री (जन्मतः पुरुष मानली गेलेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती) स्त्रीवेशात वावरते तेव्हा ती स्वतःचाच वेश घालत असते, म्हणून तिच्या बाबतीत ही संज्ञा लागू पडत नाही. मात्र जुन्या काळातील व्यक्तींबद्दल असा निवाडा करणे बहुधा अशक्य असते. त्यांनी वेश का बदलला याची नोंद पोलीस, पाद्री किंवा न्यायाधीश यांनी केलेली असते आणि उत्तर देणाऱ्याचा जीव त्या उत्तरावर टांगलेला असतो.

इतिहास चाळला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. समाजाला वेशापेक्षा त्यामागचे कारण महत्त्वाचे वाटत आले आहे. अज्ञातवास, युद्ध, नाटक, शपथ, घरात मुलगा नसणे, यांतले एखादे कारण पटले की तोच वेश खपून जातो. ‘मला आवडते’ हे कारण मात्र क्वचितच चालले.

पुराणकथांमध्येही हीच अट दिसते. महाभारतात अर्जुन विराटाच्या दरबारी बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवतो. ग्रीक कथेत अकिलीसला युद्धापासून दूर ठेवण्यासाठी स्कायरॉस बेटावर राजकन्यांमध्ये मुलीच्या वेशात लपवले जाते. उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स काव्यात चोरीला गेलेला हातोडा परत मिळवण्यासाठी थॉर देव नववधूचा वेश घेऊन राक्षसाच्या घरी जातो. तिन्ही नायकांच्या पौरुषाविषयी श्रोत्याच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि तिन्ही कथांत स्त्रीवेश संपतो तो शस्त्र हाती येताच : अर्जुन शमीवरून गांडीव उतरवतो, अकिलीस समोर मांडलेल्या भेटवस्तूंतून हत्यारे उचलतो, थॉर हातोडा हस्तगत करतो. वेशाला कारण आहे आणि शेवटही ठरलेला आहे, म्हणून कथा सांगणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही.

धर्माज्ञा आणि अपवाद

ज्यू व ख्रिस्ती परंपरेतील बंदीचा आधार बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात आहे (२२:५). स्त्रीने पुरुषाची वस्त्रे घालू नयेत, पुरुषाने स्त्रीची घालू नयेत, ते देवाला अमंगळ वाटते, असे तेथे म्हटले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्याला पळवाट ठेवली. शत्रूपासून लपण्यासाठी किंवा दुसरे कपडेच नसतील तर, गरजेपोटी असा वेश घेतल्यास पाप लागत नाही, असे त्यांनी लिहिले.

पुरुषवेशात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या फ्रान्सच्या जोन ऑफ आर्क हिच्या खटल्यात हाच मुद्दा जीवघेणा ठरला. २४ मे १४३१ रोजी तिच्याकडून कबुलीवर सही घेऊन तिला स्त्रीवेश घालायला लावले. चारच दिवसांनी कोठडीत ती पुन्हा पुरुषवेशात आढळली. पुरुष पहारेकऱ्यांमध्ये राहायचे तर पुरुषांचेच कपडे बरे, असे तिने सांगितले. न्यायाधीशांनी ते मानले नाही. शब्द मोडून ती पुन्हा पापाकडे वळली असे ठरवून ३० मे रोजी रूआँ येथे तिला जाळण्यात आले. १४५६ मध्ये हा निकाल रद्द झाला.

परवाना

कारण मागण्याची ही सवय सर्वांत उघडपणे दिसते ती पॅरिसमध्ये. ७ नोव्हेंबर १८०० च्या पोलीस आदेशानुसार पुरुषवेश घालू इच्छिणाऱ्या स्त्रीला पोलीस मुख्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्यासाठी प्रकृतीचे कारण व डॉक्टरचा दाखला लागे. चित्रकार रोझा बोनर (१८२२–९९) यांनी तो रीतसर काढला होता. घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन जनावरांचा अभ्यास करायचा तर लांब झग्यात वावरणे अवघड होते. त्यांच्या १८५७ च्या परवान्याची मुदत सहा महिन्यांची होती आणि त्या वेशात नाटके, नृत्यसमारंभ व इतर सार्वजनिक मेळाव्यांत जाण्यास मनाई होती. म्हणजे कामापुरता वेश मंजूर, मिरवण्यासाठी नाही. १८९२ व १९०९ च्या परिपत्रकांनी घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल हाती धरलेल्या स्त्रीला पँट घालण्याची मुभा दिली. पुढे हा आदेश कोणाच्या ध्यानीमनीही उरला नाही, तरी तो अधिकृतपणे निष्प्रभ ठरला २०१३ साली.

रशियात परवानगी खुद्द झारने दिली. नादेझ्दा दुरोवा (१७८३–१८६६) घरातून पळून पुरुषवेशात घोडदळात शिरल्या. ही बाब अलेक्झांडर पहिला याच्या कानावर गेली तेव्हा त्याने त्यांना शौर्यपदक दिले, सैन्यात राहू दिले आणि स्वतःच्या नावावरून अलेक्झांद्रोव हे आडनावही दिले. उत्तर अल्बेनियाच्या डोंगराळ भागात परवानगीला शपथेचे रूप आहे. आजन्म ब्रह्मचर्याची शपथ वडीलधाऱ्यांसमोर घेतलेली स्त्री ‘बुर्नेशा’ होते. ती पुरुषवेशात राहते, हत्यार बाळगते, घराची कर्ती होते आणि तिला वारसाहक्क मिळतो. कुळात पुरुष उरला नाही किंवा ठरलेले लग्न दोन घरांत वैर न पेटवता मोडायचे असले, तर हा मार्ग घेतला जाई. अफगाणिस्तानात मुलगा नसलेली काही कुटुंबे एखाद्या मुलीला मुलाच्या वेशात वाढवतात. ती बाजारहाट करते, शाळेत जाते आणि वयात आली की तिला पुन्हा मुलगी व्हावे लागते. या दोन्ही ठिकाणी स्त्रीपुरुषांच्या जागा बदलत नाहीत. पुरुषाची रिकामी जागा तेवढी भरली जाते.

परवानगी न मागता आयुष्य काढणारेही होते. हॅना स्नेल यांनी जेम्स ग्रे या नावाने ब्रिटिश नौदलाच्या सैनिकांत नोकरी केली आणि १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्यात त्या जखमी झाल्या. परत गेल्यावर त्यांनी स्वतःच गुपित फोडले आणि त्यांना निवृत्तिवेतनही मिळाले. डॉ. जेम्स बॅरी यांनी मात्र १८१२ मध्ये एडिंबरो येथे पदवी घेतल्यापासून १८६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुरुष म्हणूनच आयुष्य काढले. ते ब्रिटिश सैन्याच्या रुग्णालयांचे महानिरीक्षक झाले. १८२६ मध्ये केपटाउन येथे त्यांनी केलेल्या सिझेरियन शस्त्रक्रियेत आई आणि बाळ दोघेही वाचले. त्यांचे शरीर स्त्रीचे होते हे मृत्यूनंतर उघड झाले. केवळ शिक्षणासाठी घेतलेला वेश म्हणावा, तर पदवी मिळाल्यावरही तो पन्नास वर्षांहून अधिक काळ उतरला नाही.

रंगभूमी

नाटक हे या वेशाचे सर्वांत जुने आणि सर्वांत सुरक्षित घर. इंग्लंडमध्ये १६४२ साली नाट्यगृहे बंद होईपर्यंत स्त्रीभूमिका किशोरवयीन मुले करत. प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी त्यावर बायबलचे तेच वचन पुढे करून तुटून पडत. १६६० नंतर स्त्रिया रंगमंचावर आल्या. जपानमध्ये गाडी उलटी गेली. काबुकी या नृत्यनाट्याची सुरुवात १६०३ च्या सुमारास क्योतोत ओकुनी या स्त्रीने केली आणि ती स्वतः पुरुषवेशात नाचत असे. १६२९ मध्ये स्त्रियांना आणि १६५२ मध्ये तरुण मुलांनाही मंचावर बंदी झाली, आणि प्रौढ पुरुषांनी स्त्री साकारण्याची ‘ओन्नागाता’ परंपरा घडली. त्यातील थोर नट योशिझावा आयामे (१६७३–१७२९) यांचे म्हणणे असे की, ओन्नागाताने रंगमंचाबाहेरही स्त्रीसारखेच राहावे, नाहीतर भूमिका खरी होत नाही. इथे नाटकाचे कारण नाट्यगृहाची भिंत ओलांडून घरापर्यंत पोचले. त्याच देशात १९१३ मध्ये स्थापन झालेल्या ताकाराझुका कंपनीत सर्व पुरुषभूमिका स्त्रिया करतात. प्रेक्षकही बहुतांशी स्त्रियाच असतात, आणि लग्न केले की कंपनी सोडावी लागते.

मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) स्त्रीभूमिकेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिला जगात फार कमी जोड सापडतील. त्यांची साडी नेसण्याची ढब, अंबाडा, दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करत. स्त्रीने कसे दिसावे याचा वस्तुपाठ एका पुरुषाने द्यावा आणि तो सनातन घरांनीही बिनतक्रार गिरवावा, यातली गंमत त्या काळी फारशी कोणाला जाणवली नसावी. सिनेमातही सुरुवात अशीच झाली. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती अण्णा साळुंके यांनी केली आणि ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघेही तेच होते. या नटांना कोणी बंडखोर म्हटले नाही. उलट, स्त्रियांना नाटकापासून दूर ठेवण्याच्या रूढीनेच त्यांना ते काम दिले होते. स्त्री नटी आल्या तसा स्त्रीपार्टी नट मागे पडला, हे त्यामुळे ओघानेच झाले.

निषेधासाठीही हा वेश वापरला गेला. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात टोलनाक्यांच्या जाचाने त्रासलेले शेतकरी बायकांचे झगे घालून, ‘रिबेका’ आणि तिच्या ‘मुली’ बनून रात्री नाके फोडत.

कायदा

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, अनोळखी माणसांची गर्दी झाली आणि वेशाचे कायदे आले. अमेरिकेत कोलंबस (१८४८), सॅन फ्रान्सिस्को (१८६३) आणि पाठोपाठ अनेक शहरांनी ‘आपल्या लिंगाचा नसलेला’ पोशाख घालून रस्त्यावर येणे गुन्हा ठरवले. यादवी युद्धातील शल्यचिकित्सक मेरी वॉकर यांना १८६५ मध्ये सर्वोच्च लष्करी पदक मिळाले होते, तरी पँट घातली म्हणून त्यांना अटक होतच राहिली. आपण पुरुषांचे नव्हे, स्वतःचेच कपडे घालतो, असे त्या म्हणत. पुढे अंगावर आपल्या लिंगाचे किमान तीन कपडे असले की पोलीस सोडतात, असा एक नियम लोकांच्या तोंडी होता. तो कायद्याच्या पुस्तकात आढळत नाही, पण अटकेची भीती खरी होती. समलिंगी लोकांची ये-जा असलेल्या न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये जून १९६९ मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध उसळलेल्या दंगलीत स्त्रीवेशातले पुरुष आणि पुरुषी वेशातल्या स्त्रियाही होत्या.

भारतात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविरुद्ध होता. नोंदणी झालेली व्यक्ती सार्वजनिक जागी स्त्रीसारखा पोशाख किंवा दागिने घालून दिसली, तर वॉरंटविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. तो आधी उत्तर भारतात लागू झाला. नऊच वर्षांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगले तेव्हा स्त्रीपात्रे पुरुषच करत होते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेहरावाची निवड हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला.

गयानाच्या १८९३ च्या कायद्यात कारणाची अट शब्दशः लिहिलेली होती : ‘अनुचित हेतूने’ परलिंगी वेशात सार्वजनिक ठिकाणी येणे हा गुन्हा. अनुचित हेतू म्हणजे काय, हे कुठेच सांगितले नव्हते. २००९ मध्ये जॉर्जटाउन येथे स्त्रीवेशातल्या चौघी पारलिंगी स्त्रियांना या कलमाखाली पकडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅरिबियन न्यायालयाने कलम संदिग्ध व घटनाबाह्य ठरवले.

वैद्यक आणि खाजगी आयुष्य

जर्मन वैद्य माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये या विषयावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी अभ्यासलेले बहुतेक पुरुष स्त्रियांकडेच आकर्षित होणारे होते, हे त्या काळच्या वाचकांना अनपेक्षित होते. त्यांच्या शिफारशीवरून बर्लिनचे पोलीस अशा व्यक्तींना ओळखपत्र देत, म्हणजे पुन्हा परवानाच, आता वैद्यकीय. त्यांची संस्था नाझींनी १९३३ मध्ये उद्ध्वस्त केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणातून या वेशाशी संबंधित निदाने काढून टाकली आहेत.

स्त्रीच्या अंगावरची पँट आज जगाच्या मोठ्या भागात लक्षातही येत नाही. पुरुषाच्या अंगावरचा झगा मात्र अजून हसू किंवा राग ओढवून घेतो. स्त्रीने पुरुषवेश घेतला तर ती वर चढू पाहते असे मानले जाई; पुरुषाने स्त्रीवेश घेतला तर तो खाली उतरला असे वाटते, आणि आपणहून खाली उतरणारा माणूस लोकांना समजतच नाही. म्हणून पुरुषांचे वेशधारण पुष्कळदा बंद दाराआड चालते. कपडे चोरून जमवायचे, अपराधीपणाच्या भरात सगळे फेकून द्यायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा जमवायला लागायचे, हे चक्र अशा अनेकांच्या सांगण्यात येते. पत्नीला ते उशिरा आणि बहुधा अपघाताने कळते. तिला वेशापेक्षा इतकी वर्षे लपवल्याचा राग अधिक असतो.

या एकांतातून बाहेर पडण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न लॉस एंजेलिसमध्ये झाला. व्हर्जिनिया प्रिन्स (१९१२–२००९) यांनी १९६० मध्ये अशा पुरुषांसाठी नियतकालिक काढले आणि पुढच्या वर्षी वाचकांची बैठक बोलावली. प्रत्येकाने पायमोजे आणि उंच टाचांचे बूट पिशवीत लपवून आणायचे आणि सर्वांनी एकाच वेळी घालायचे, असे ठरले होते. त्यामुळे कोणी पोलिसांचा हस्तक असला तरी तोही त्यातच अडकला असता. या मंडळाने सदस्यत्वाला अट घातली होती : समलिंगी आणि लिंगबदल करू इच्छिणारे चालणार नाहीत, फक्त स्त्रियांकडे आकर्षित होणारे पुरुषच घेतले जातील. प्रिन्स स्वतः १९६८ पासून कायमच्या स्त्री म्हणून राहू लागल्या.