मुलीला ऑनलाइन त्रास होतोय? तक्रार नेमकी कुठे अडते

पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीच निम्मी केस हातची गेलेली असते. घाबरलेल्या मुलीने चॅट पुसलेलं असतं, नाहीतर संतापलेल्या वडिलांनी फोन फॉरमॅट केलेला असतो. काहीही पुसू नका, ब्लॉकसुद्धा नंतर करा. आधी स्क्रीनशॉट घ्या आणि त्या प्रोफाइलची लिंक लिहून ठेवा. दिसणारं नाव समोरचा रात्रीत बदलतो, म्हणून नुसत्या नावाचा उपयोग नाही. मात्र मुलीचा अश्लील फोटो 'पुरावा' म्हणून काकाला, सरांना, वकिलाला पाठवत सुटू नका. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

घटनेच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा लागू होतो. अश्लील मेसेज, फोटोची धमकी, सतत पाठलाग, सगळं त्यात येतं. चेहरा जोडून बनवलेला खोटा फोटोही येतो. 'तो खरा नाहीच' म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. मुलगी स्वतःसुद्धा तक्रार देऊ शकते, पालक सोबत हवेतच असं नाही. आणि शाळेने समजल्यावर 'समज देऊन मिटवलं' हे उत्तर चालत नाही. गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रारीचे मार्ग तीन: जवळचं पोलीस ठाणं, १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल. पोर्टलवर महिला व बालकांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे तिचं काय झालं हे बघता येत नाही. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. त्यावर तासभर ताटकळलेले पालक मी पाहिलेत.

सगळ्यात मोठा गैरसमज: पोर्टलवर तक्रारीचा नंबर मिळाला म्हणजे एफआयआर, म्हणजे पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद, झाला. तसं नाही. एफआयआर वेगळा, त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ऑनलाइन माहिती पाठवून एफआयआर करायचा असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ही मुदत सहीची आहे, गुन्हा कळवण्याची नाही. 'चार दिवस झाले, आता काय उपयोग' म्हणत घरी बसलेल्या बायका भेटतात, म्हणून हे सांगणं.

कागदपत्रांचं म्हणाल, तर गुन्हा नोंदवायला कुठलंच लागत नाही. वयाचा पुरावा पुढे लागतो. त्यात आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधारवर विसंबून राहू नका. शाळेच्या रजिस्टरात आणि जन्मदाखल्यात तारीख वेगळी निघणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा दोन्ही आधीच काढून ताडून पाहा.

जबाबासाठी मुलीला ठाण्यात बोलावलं तर सांगा, पोक्सोच्या कलम २४ नुसार तो घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि साध्या कपड्यांत. 'हे आमच्या हद्दीत नाही' हे कारणही आता चालत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेला एफआयआर, कुठल्याही ठाण्यात होतो. तरी नाहीच घेतला, तर तीच तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.