क्षयरोग नियंत्रण, मराठवाड्यातील

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस या जिवाणूमुळे होणाऱ्या व हवेतून पसरणाऱ्या क्षयरोगाचा मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील प्रतिबंध आणि उपचार. बोलण्यात ‘टीबी’ हाच शब्द रूढ आहे.

आयुर्वेदातील राजयक्ष्मा म्हणजे हाच रोग काय, याविषयी एकमत नाही. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची साहस (अतिश्रम), वेगसंधारण (नैसर्गिक वेग रोखून धरणे), क्षय (शरीरधातूंची झीज) व विषमाशन (अवेळी, अनियमित खाणे) अशी चार कारणे दिली असून त्याची त्रिरूप, षड्रूप व एकादशरूप अशी लक्षणसंख्येनुसार विभागणी केली जाते. ज्वर, कास (खोकला) व रक्तष्ठीवन (थुंकीतून रक्त पडणे) ही लक्षणे जुळतात. तथापि शरीर झिजविणारे इतरही विकार या संज्ञेत सामावले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संहितेचा काळच अनिश्चित असल्याने रोगाच्या प्राचीनतेसाठी हा आधार जपून घ्यावा. जिवाणूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जाहीर केला.

घरी राहून घेतलेली औषधे आरोग्यधामातील उपचारांइतकीच गुणकारी ठरतात, असे मद्रास येथील अभ्यासात १९५९ च्या सुमारास दिसले. राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये आला, १९९७ मध्ये तो सुधारित स्वरूपात राबविला जाऊ लागला.

घरचे उपचार म्हणताना घर एका जागी असते, असे गृहीत धरलेले असते. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि चार-सहा महिन्यांनी परततात. नेहमीचा उपचारही सहा महिन्यांचाच : दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. म्हणजे हंगामाच्या तोंडावर निदान झालेल्या रुग्णाचा जवळजवळ सर्व उपचार उसाच्या फडात जातो. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता (मजुरांची जोडी) आणि खाडा पडला की पैसे कापले जाणार. अशा स्थितीत गोळ्यांसाठी दवाखाना गाठणे मागे पडते. खंडित उपचारांतून औषधरोधी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा) क्षय उद्भवू शकतो. निक्षय या संगणकीय नोंदीत रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येतो. मात्र टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, हे आशा कार्यकर्तीला कळले तरच. (चरकाची ‘साहस’ व ‘विषमाशन’ ही कारणे येथे चपखल बसतात, पण तो योगायोगच मानावा.)

कुपोषण हे मोठे जोखीमकारण आहे. झारखंडमधील चाचणीत (२०२३) रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेतील दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य २०२४ मध्ये १,००० रुपये झाले. ते रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. एकाच खोपीत झोपणाऱ्या सहवासितांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या बारा मात्रांचा प्रतिबंधक उपचारही आहे. तो तीन महिन्यांत संपतो.