गिळलेलं मागे येतं तेव्हा

टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ट्रिव्हियल (किरकोळ) टीआर' असं वाचून शेजारचे काका हादरले. टीआर म्हणजे ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन; ट्रायकस्पिड ही हृदयाची एक झडप. त्यांनी मोबाईलवर 'रिगर्जिटेशन'चा अर्थ शोधला, तर निघाला 'ओकणे'! हृदय रक्त ओकतंय की काय, या धास्तीनं त्यांची झोप उडाली. खरं तर झडप मिटताना थोडं रक्त मागे येतं, एवढंच. असा किरकोळ पाझर धडधाकट माणसांतही सर्रास दिसतो.

घोटाळा त्या 'ओकणे'मुळे झाला. लॅटिनमध्ये 'गुर्गेस' म्हणजे भोवरा, सगळं पोटात घेणारा. त्याला 'रि' लागला की आत गेलेलं मागे येणं. गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञ 'गुर्गेस'चा संबंध ज्या मूळ धातूशी जोडतात, त्यातूनच संस्कृत 'गिरति' आणि आपलं 'गिळणे' आलं. शब्द फक्त दिशा सांगतो. उलटीत मळमळ असते, पोटाचे स्नायू जोर लावून अन्न बाहेर ढकलतात. रिगर्जिटेशनमध्ये ती ढकल नसते.

रवंथ करणारी गाय जवळून बघा. गळ्याखालून एक गोळा सरसर वर चढताना दिसतो. आधी जाळीपोट, म्हणजे गाईच्या पोटाचा जाळीदार कप्पा, एकदा जादा आकुंचन पावतं आणि पातळसर चारा अन्ननलिकेच्या तोंडाशी येतो. त्याच क्षणी गाय श्वास घेतल्यासारखी छाती फुगवते, पण कंठद्वार, म्हणजे श्वासनलिकेचं तोंड, मिटलेलं असतं. हवा आत येत नाही, छातीतला दाब उतरतो आणि चारा अन्ननलिकेत ओढला जातो. पुढे स्नायूंची उलटी लाट, खालून वर. एरवी घास खाली नेणारी तीच नळी! तोंडात आल्यावर पाणी गाय लगेच गिळते आणि चोथा 40-60 वेळा चावते. दिवसाचे 7-8 तास हेच चालतं. संस्कृतातला 'रोमन्थ' तो हाच.

तान्ह्या बाळाची गुळणीही याच जातीची. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी अधूनमधून सैल पडते आणि दूध ओघळतं. लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली जाते. त्यानं कडी आवळत नाही. ती वाढीबरोबर सुधारते, बहुतेक बाळांत वर्षभरात. दूध जोरात लांब उडत असेल, हिरवं किंवा रक्तमिश्रित येत असेल, वजन वाढत नसेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे 'बाळ दूध काढतं' एवढ्यावर थांबू नका. ओघळतं की उडतं, तेही सांगा.