फास्ट ब्रीडर आणि फ्यूजन ब्रीडर: गल्लत कुठे होते

दोन्ही ‘ब्रीडर’ विजेसाठी नवं अणुइंधन तयार करतात, म्हणून बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. खरा फरक न्यूट्रॉनांच्या जमाखर्चात आहे.

फास्ट ब्रीडर, उदाहरणार्थ कल्पक्कमची 500 मेगावॉटची अणुभट्टी, ही विखंडनाचीच, म्हणजे जड अणू फोडून ऊर्जा काढणारी भट्टी. प्लुटोनियमच्या एका विखंडनातून सरासरी 2.9 न्यूट्रॉन सुटतात. एक विखंडनाची साखळी चालू ठेवतो, एक युरेनियमपासून नवं प्लुटोनियम बनवून जळालेल्या अणूची भरपाई करतो. उरलेल्यांतले बरेचसे पोलाद, सोडियम आणि गळतीत जातात. शिल्लक बेताचीच, त्यामुळे दुसऱ्या भट्टीपुरतं प्लुटोनियम साठायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय पहिला भरणा बाहेरून आणावा लागतो: तारापूरसारख्या ठिकाणी वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून काढलेलं प्लुटोनियम.

फ्यूजन ब्रीडरला हा भरणा लागत नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संमीलनातून, म्हणजे अणुकेंद्रं जुळून, 17.6 एमईव्ही (अणूंच्या पातळीवर वापरायचं ऊर्जेचं एकक) ऊर्जा आणि एकच न्यूट्रॉन मिळतो, पण तो 14.1 एमईव्हीचा. अडचण अशी की जळालेलं ट्रिटियम लिथियमपासून परत बनवायलाही एक न्यूट्रॉन लागतो. म्हणून ब्लँकेटमध्ये, म्हणजे यंत्राभोवतीच्या न्यूट्रॉन टिपणाऱ्या आवरणात, बेरिलियम किंवा शिसं घालतात. जोरदार न्यूट्रॉन त्यावर आदळला की एकाचे दोन होतात. ट्रिटियमचा वाटा काढून दर संमीलनामागे अर्धा न्यूट्रॉन जरी ब्लँकेटमधल्या थोरियमला मिळाला, तरी त्यातून बनणारं युरेनियम-233 पुढे साध्या भट्टीत जवळपास 100 एमईव्ही देतं, म्हणजे मूळ संमीलनाच्या साडेपाच पट. एक फ्यूजन ब्रीडर अनेक भट्ट्या पोसेल हा दावा इथून येतो, आणि कागदावर तो बरोबर आहे.

गोची ब्लँकेटमध्ये होते. थोरियम न्यूट्रॉन गिळून आधी प्रोटॅक्टिनियम-233 होतं (अर्धायुष्य 27 दिवस) आणि मग युरेनियम-233. माल वेळेवर बाहेर काढला नाही तर तो तिथेच फुटू लागतो. मग ब्लँकेटलाच भट्टीसारखी उष्णता आणि विखंडनाचा कचरा सांभाळावा लागतो. शिवाय जोरदार न्यूट्रॉनांमुळे युरेनियम-232 ची भेसळ होते. त्याच्या किरणोत्सारी क्षयाच्या साखळीतला थॅलियम-208 हा 2.6 एमईव्हीचे गॅमा किरण फेकतो, त्यामुळे इंधनकांड्या जाड भिंतीआडून, यांत्रिक हातांनीच बनवाव्या लागतात.

फास्ट ब्रीडर जातीच्या भट्ट्या प्रत्यक्ष चालल्या आहेत. कल्पक्कमचीच छोटी चाचणी-भट्टी एफबीटीआर (फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टर) 1985 पासून. फ्यूजन ब्रीडर कुठेच उभा नाही. स्वतःपुरतं ट्रिटियम पिकवणारं संमीलनयंत्रही अजून बनलेलं नाही, मग थोरियमसाठी न्यूट्रॉन उरवणं दूरच.