सडापासून कूलरपर्यंत: दूध बिघडतं कुठे?

गावच्या संकलन केंद्रावर किटली उघडली की आधी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पाहतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून काढतात. त्याखाली दूध गेलं की पैसे कापले जातात. दुधात जंतू किती, याचा दराशी बहुतेक ठिकाणी काही संबंध नसतो. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे.

धार काढली तेव्हा दूध सुमारे ३७ अंशांचं असतं. ताज्या दुधातले नैसर्गिक घटक जंतूंना थोडा वेळ आवरतात, पण किटली मळकी असेल तर या घटकांचं काही चालत नाही. जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर अडीच तासांत ते ३२ पट होतात. कूलर, म्हणजे दूध थंड करणारी टाकी, दूध ४ अंशांवर आणतो, म्हणजे वाढ मंदावते. आधीचे जंतू मात्र मरत नाहीत.

किटली धुताना बहुतेकजण आधी कढत पाणी ओततात. त्याने दुधातली प्रथिनं शिजून पत्र्याला चिकटतात आणि पुढे पिवळट थर धरतो. आधी साध्या पाण्याने खळखळून घ्यावं, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात (लिटरला साधारण १० ग्रॅम) ब्रशने घासावं, पुन्हा धुवावं आणि किटली पालथी घालून पूर्ण वाळू द्यावी. झाकणाची रबरी रिंग काढून धुवायची असते, हे हमखास राहतं.

केंद्रावरच्या अल्कोहोल टेस्टमध्ये ५ मिली दुधात तेवढंच ६८ टक्के अल्कोहोल घालतात. कण दिसले तर दूध आंबलेलं, चिकाचं किंवा कासदाहाचं (कास सुजलेल्या जनावराचं) असू शकतं. आंबटपणा झाकायला कोणी सोडा टाकला, तर रोझोलिक अॅसिडने दूध गुलाबी-लाल होतं.

पाश्चरायझेशनमध्ये (७२ अंश, १५ सेकंद) रोगजंतू मरतात, पण दोन गोष्टी तशाच राहतात. एक म्हणजे अँटिबायोटिक. कासदाहात एकाच सडात औषध सोडलं तरी लेबलवरची मुदत संपेपर्यंत चारही सडांचं दूध बाजूला ठेवावं लागतं, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांतही उतरतं. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. दुसरी गोष्ट अफ्लाटॉक्सिन एम१, म्हणजे बुरशीमुळे दुधात येणारं विष. जनावराने बुरशी लागलेली सरकी पेंड किंवा मका खाल्ला की ते दुधात येतं आणि उकळूनही जात नाही. भारतात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तो खुराक थांबवला की काही दिवसांत प्रमाण उतरतं. पावसाळ्यात पेंडीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचावीत.

दूध संघांनी मदत करायची तर केंद्रावर दुधातलं अँटिबायोटिक ओळखणारी स्ट्रिप, कूलरला जनरेटर आणि जंतूंचा अंदाज देणाऱ्या मिथिलीन ब्लू टेस्टवर बोनस द्यावा. १० मिली दुधात १ मिली रंगद्रव घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. निळा रंग पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर निकृष्ट. शिवाय टँकर पास होईपर्यंत प्रत्येक सभासदाच्या दुधाचा नमुना फ्रीजमध्ये ठेवावा. नाहीतर एका गोठ्याच्या दुधापायी टँकर परत आला की कपात सगळ्यांच्या बिलातून होते.