गुण कामगाराचे की साहेबांचे?

मार्च जवळ आला की कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये इन्क्रिमेंटची कुजबुज सुरू होते. अप्रायझलच्या फॉर्मवर कामाचा दर्जा, शिस्त, पुढाकार, सहकार्य असे रकाने असतात आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. सुपरवायझर एका बैठकीत सगळ्यांचे फॉर्म उरकतो.

हे गुण नेमकं काय मोजतात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या वेगळ्या गोष्टी. पण त्यांचे गुण एकमेकांशी नको तितके जुळत होते. माणूस एकदा मनात भरला की सगळ्याच रकान्यांत वर! पुढे २००० मध्ये स्कलन, माउंट आणि गॉफ यांनी हजारो व्यवस्थापकांची मूल्यांकनं पिंजून काढली. गुणांतल्या फरकाचा निम्म्याहून मोठा वाटा गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या कलाचा निघाला.

यावर इंजिनिअर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं : मत नको, आकडा घ्या, रिजेक्शन म्हणजे बाद झालेले जॉब (नग) मोजा. पण आकडाही वाटतो तितका सरळ नसतो. सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या कातयंत्रावर) फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग (ओतीव भाग) लावलं, वरचा थर कापला आणि आतला ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली पोकळी) उघडा पडला, तर जॉब बाद. हार्ड स्पॉट (धातूतली जास्त कडक जागा) लागला की इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार जाते, माप सरकतं. दोष फाउंड्रीचा, रजिस्टरला नाव ऑपरेटरचं.

आकड्याचा हा फसवेपणा अमेरिकन गुणवत्ता-तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग व्याख्यानात करूनच दाखवत. ४००० मणी, त्यांत ८०० लाल. ५० खाचांची फळी बुडवून ‘कामगारांनी’ मणी काढायचे. लाल आला की तो खराब माल. सरासरी १० लाल यायला हवेत, पण निव्वळ योगायोगानं कुणाला ६ येतात, कुणाला १४. डेमिंग ६ वाल्याची पाठ थोपटत, १४ वाल्याला झापत. पुढच्या फेरीत बहुधा दोघेही दहाच्या जवळ सरकतात आणि साहेबांना वाटतं, झापणं लागू पडलं, कौतुकानं मात्र पोरगं बिघडलं.

उपाय आहेत. स्मिथ आणि केंडल यांनी १९६३ मध्ये सुचवलं, की विशेषणांऐवजी दिसणारं वागणं लिहा. ‘काम चांगलं’ यापेक्षा ‘इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब गेज लावून तपासतो’ हे कुणीही पडताळू शकतं. माझ्या मते त्याहून स्वस्त सुधारणा रिजेक्शनच्या रजिस्टरातच आहे. तिथे कास्टिंगच्या हीट नंबरचा (धातूच्या कोणत्या ओतीतलं, त्या क्रमांकाचा) एक रकाना वाढवायचा. मग ब्लोहोल फाउंड्रीच्या खात्यावर जातात, आणि चुकीचं सेटिंग तेवढं ऑपरेटरच्या.